सतरावा प्रश्न

पिवळ्या चिठ्ठीचा वरचा कोपरा सुटला होता. पंख्याचा झोत इकडे वळला की तो उचलला जायचा, झोत गेला की पुन्हा कागदावर बसायचा – आणि टेबलाशी बसलेल्या त्याचं लक्ष खालच्या अर्जावर नव्हतंच, त्या पिवळ्यावर होतं. लिंबाचा पिवळा नव्हे, त्याहून मळकट. म्हाताऱ्या माणसासाठी कृत्रिम डोळा करायचा तर पांढऱ्या भागात पिवळ्याचा नुसता वास लावायचा असतो. तो चौपट केला तर हा रंग येईल... म्हणजे कावीळ झालेल्या माणसाचा डोळा. तो किंचित हसला. काविळीवर आपल्याला विनोद सुचतो आहे, म्हणजे बरीच वर्षं गेली म्हणायची.

चिठ्ठी बायकोने चिकटवली होती, सतराव्या प्रश्नावर. 'बाईंचं पत्र. आजच. उद्या शेवटचा दिवस.' खाली दोन रेघा. ती स्वतः सकाळीच कामावर गेली होती, पण त्या दोन रेघा कमरेवर हात ठेवून टेबलावर उभ्या होत्या. त्याने कोपरा बोटाने दाबून धरला आणि खालचा प्रश्न पुन्हा वाचला. 'संसर्ग झाला नसता, तर आपण आज कोणत्या पदावर असता? पुरावा जोडा.'

पहिली भरपाई मिळून दोन वर्षं झाली होती. ती सगळ्यांना सारखीच – दूषित रक्त चढवलं गेलं एवढं सिद्ध झालं की पुरे. आणि ते रुग्णालयाच्या जुन्या कागदात लिहिलेलंच होतं : अपघात, मांडीचं हाड, शस्त्रक्रिया, रक्ताच्या चार बाटल्या. त्यांतली कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. चार वर्षं तो काविळीचा आजार यकृतात मुकाट्याने राहिला, आणि मग एकदा तो स्वतःच रक्तदानाला गेला – हौसेने, उपकाराची फेड म्हणून – तेव्हा रक्तपेढीने घरी पत्र पाठवलं की यापुढे आपण कृपया रक्त देऊ नये. कृपया! तो शब्द त्याच्या अजून डोक्यात बसला होता. आता ही जादा भरपाई : ज्यांचं काम गेलं, बढती गेली, त्यांच्यासाठी. आणि त्याच्या आड आलं होतं त्याचंच राजीनाम्याचं पत्र. 'घरगुती अडचणींमुळे.' भरपाईच्या कचेरीतला कारकून फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाला होता, "सही तुमचीच आहे ना, साहेब? त्यात आजाराचा उल्लेखच नाही. तेव्हाच्या वरिष्ठांचं पत्र आणा. तुम्ही का सोडलंत, आणि राहिला असतात तर पुढे काय झाला असतात."

काय झाला असतात... घरात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मुख्य चित्रकार. कृत्रिम डोळ्यांच्या त्या कार्यशाळेत चारच चित्रकार, आणि त्यांच्यावर बाई. माणूस समोर खिडकीपाशी बसायचा, एक डोळा उघडा, दुसऱ्यावर पट्टी. आणि त्या एका डोळ्याकडे पाहत नखाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं – आधी कडेचा गडद पट्टा, मग आतल्या रेषा, शेकडो, एका केसाच्या ब्रशने. पांढऱ्यावर शिरा म्हणून लाल रेशमाचे तंतू सुईने पसरायचे. बाई निवृत्त झाल्या की त्यांची खुर्ची त्याचीच, हे तो त्या काळी घरी येऊन म्हणाला होता की बायकोच म्हणाली होती, आता आठवत नाही. पण पुढे बावीस वर्षं ती हे म्हणत आली. मुलीला म्हणाली, मुलीच्या सासरी म्हणाली, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा एकदा म्हणाली. तो वहीपेन्सिलींच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागला तेव्हा ती दुकानाच्या मालकाला म्हणाली होती, "यांचा हात वेगळ्याच कामाचा आहे हो." मालकाने त्याच्या हाताकडे पाहिलं होतं. तो हात तेव्हा सुटे पैसे देतानाही थरथरत होता.

आणि मला ते आवडत होतं, त्याने स्वतःशी कबूल केलं. खोटं कशाला बोला? आजारपणात पडल्या पडल्या, दुपारी तीनला अंगातलं पाणी कुणी काढून घेतल्यासारखी ग्लानी आली की मी त्या खुर्चीत जाऊन बसत होतो. मनातल्या मनात चौघांना कामं वाटून देत होतो. माझ्याकडून काय हिसकावलं ते मला नेमकं माहीत होतं, आणि नेमकं माहीत असलं की रागालाही बसायला जागा मिळते.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. काल फोनवर बावीस वर्षांचा काहीही हिशेब न विचारता त्या म्हणाल्या होत्या, "अकराला ये. उजेड चांगला असतो." दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या घरात असतील. उंची कमी झाली होती, नजर नाही. "बारीक झालास," त्या म्हणाल्या, आणि तो सोफ्याकडे वळला तर, "तिकडे नको. इथे, खिडकीशी." तो बसला. आपल्याला कुठे बसवलं आहे ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. या बाजूला तो कधीच बसला नव्हता.

त्याने सांगितलं. बसमध्ये जुळवलेली वाक्यं होती, दोन-तीन मिनिटांत संपली. अपघात, रक्त, यकृत, आठवड्याला एक इंजेक्शन, वर्षभर. त्याने येणारा ताप, हाताची थरथर, रेशमाचा तंतू जिथे हवा तिथे न पडणं. मग पुष्कळ वर्षांनी आलेल्या गोळ्या, आता आजार नाही, यकृत मात्र निम्मंच कामाचं. आपण दुसऱ्याच कुणाचं सांगतो आहोत असं त्याला वाटलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही.

"तेव्हा का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची नाही... म्हणजे, सगळ्यांचीच. डोळे करणारा माणूस, बाई. लोक ते उचलून खोबणीत बसवतात. माझ्या रक्तात असं काही आहे म्हटल्यावर—"

"गाढवा," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मग सोडलाच नाही. या आजारानंतर घरच्यांखेरीज आणि नर्सांखेरीज त्याचा हात असा कुणी धरला नव्हता. आणि नर्सांच्या हातांत मोजे असायचे.

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून गेलास," बाई म्हणाल्या.

"तुमच्यावर? कशाबद्दल?"

"तुला पत्ता लागला असेल म्हणून."

"कशाचा?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बारीक आवाज संपल्यावर त्या म्हणाल्या, "तू घरी गेलास की मी तुझी बुबुळं दुरुस्त करायचे. सगळी नाही. बरीचशी."

"हात थरथरायचा माझा. त्या इंजेक्शनांनी—"

"ते शेवटचे पाच-सहा महिने. ते दिसत होतं मला, कारण कळलं नव्हतं. मी आधीचं सांगतेय."

"अपघाताच्या आधीचं?"

"तू कामाला लागलास तेव्हापासूनचं. काम सुंदर रे तुझं. फार सुंदर, तीच तर पंचाईत. समोर माणसाचा दुसरा डोळा असायचा – थकलेला, जरा विटलेला – आणि त्याच्या शेजारी तू हा असा ठेवून द्यायचास, नटूनथटून. दोन्ही एका चेहऱ्यात भांडायचे. मी वरून राखाडीचा एक हात फिरवायचे, की झालं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"दोनदा सांगितलं. तू हो बाई, हो बाई म्हणायचास आणि पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा म्हटलं, जाऊ दे, मी आहे ना." त्यांनी बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "आणि माझ्यानंतर चष्मेवालीला बसवा, असं मी, तू गेलास त्या वर्षी, मार्चमध्येच वर कळवून टाकलं होतं. वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं आणि तू डोक्यात राख घालून निघून गेलास."

चष्मेवाली म्हणजे त्याच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिचं काम त्याला नेहमी मेलेलं वाटायचं. मार्च. रक्तपेढीचं पत्र त्यानंतर, मे महिन्यात आलं होतं. त्याने बोटांवर मोजलं – एप्रिल, मे – जणू दोन महिन्यांच्या मोजणीत चूक होऊ शकते. काही चूक नव्हती. 'हो बाई' म्हटल्याचं त्याला आठवत होतं. कशाला म्हटलं ते आठवत नव्हतं.

बाईंनी उठून कागद आणला, पेन आणलं. "सांग. काय लिहायचं?"

"आता काय लिहिणार, बाई?"

"आजार खोटा आहे का तुझा?"

"नाही."

"त्यापायी नोकरी सोडलीस ते खोटं?"

"नाही."

"मग. आता माझी कुठली नोकरी जायची आहे? सांग तू."

त्याने सांगितलं. पहिली चार वाक्यं खरी होती आणि ती सहज निघाली. पाचव्याला तो 'राहिले असते तर' इथपर्यंत आला आणि थांबला. बाईंनी मान वर न करता ते पुरं केलं. 'राहिले असते तर माझ्यानंतर ते मुख्य चित्रकार झाले असते.' खाली सही. अक्षर एकसारखं, कुठे जोर नाही, कुठे वळण नाही. "पुरे?" त्यांनी विचारलं. तो पुरे म्हणाला.

बसथांब्याच्या बाकावर तो बसला आणि पहिली बस त्याने जाऊ दिली. रागाला शोधावं म्हणून त्याने आत पाहिलं – बावीस वर्षं तो राग सकाळी त्याच्याआधी उठत होता – पण खुर्चीच उचलून नेली होती, आणि आता तो कुठे उभा होता कोण जाणे. मग काय गेलं माझं? काहीतरी गेलं. मुलगी लहान होती तेव्हा ती त्याच्या ताटातला घास उचलायला यायची आणि तो ताट उंच धरायचा. गंमत म्हणून धरतो आहे असं दाखवायचा, तीही हसायची, उड्या मारायची. आणि मग एके दिवशी तिने यायचं सोडलं. तसं करायची काही गरज नव्हती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घास खाल्ल्याने काही होत नाही म्हणे. त्याने पिशवीतून अर्ज काढला आणि उभ्या उभ्या चाळावा तसा चाळला. एकूण बावीस प्रश्न. ताटाबद्दल एकही नव्हता. जे गेलं त्याला चौकोन नाही, आणि ज्याला चौकोन आहे ते माझं कधी नव्हतंच. असं म्हणून त्याला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी भूक लागली.

फोन वाजला. बायको.

"अहो, मिळालं का?"

"मिळालं."

"काय लिहिलंय? वाचा ना. मी बाहेर येऊन उभी आहे, इथे कुणी नाही."

त्याने वाचलं, बसचा आवाज आला तेव्हा जरा मोठ्याने. मग ती म्हणाली, "बघा. मी म्हणत होते की नाही. मुलीला वाटायचं मी उगीच सांगते." आवाज फाटला होता. तिने इतकी वर्षं त्या खुर्चीची धूळ झटकली होती, त्याच्याहून नेमाने, आणि आज कुणीतरी येऊन तिला म्हणालं होतं की अगं, तुझं खरं आहे. तिला आता काय सांगायचं? सांगायचं का? उद्या कचेरीच्या खिडकीत कागद सरकवायचा, की आज रात्री जेवताना... "परत एकदा वाचा," ती म्हणाली. "सावकाश."

त्याने सावकाश वाचलं. या खेपेला आवाज लागला होता. 'राहिले असते तर,' तो म्हणाला, 'माझ्यानंतर, माझ्या हाताखालचे सर्वांत कुशल कलावंत म्हणून, तेच मुख्य चित्रकार झाले असते.'

"हे मघाशी नाही वाचलंत."

"घाईत सुटलं."

"किती छान लिहिलंय," बायको म्हणाली, आणि आता ती उघड उघड रडत होती.

त्याने कागदाकडे पाहिलं. बाईंचं वाक्य तिथे होतं तसंच होतं, साधं, फिकट. आणि त्याच्या शेजारी त्याने स्वतःचं नटवलेलं वाक्य ठेवून दिलं होतं, ठरवून नव्हे, हात आपोआप गेला होता. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग, काही कारण नसताना, दुसरंच काहीतरी वाटलं, जे ओळखायला त्याला वेळ लागला, कारण ते बरं वाटणं होतं. हे कुठल्या बाटलीतून आलेलं नव्हतं. कुणी नळी लावून घातलेलं नव्हतं, इंजेक्शनांनी मारलेलं नव्हतं, गोळ्यांनी गेलेलं नव्हतं. ही खोड माझीच, कामाला लागलो तेव्हाची, अपघाताच्याही आधीची. दोनदा सांगूनही न सुटलेली... इतकं सगळं बिघडवून गेलेल्या त्या आजाराला हिचा ठावठिकाणाच लागला नव्हता.

"ऐकताय ना?" बायको विचारत होती. "उद्या किती वाजता उघडते ती कचेरी?"

तो ऐकत होता. फक्त एवढ्यात काही बोलायला नको, असं त्याला वाटत होतं.