आईच्या बाथरूमच्या टाइल्स

बाथरूममध्ये पाय घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला चार महिने झाले. आता ती चालायला लागली होती, पण आंघोळ मीच घालायचे. आतून कडी लावून एकटीनं आंघोळ करायची, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून आम्ही टाइल्स बदलायला काढल्या.

माझे बाबा, बुद्धरत्न, चाकणच्या एका कंपनीत येणारा माल तीस वर्षं तपासायचे. रिटायर झाले, तरी सवय सुटली नाही. आमची भाजीवालीसुद्धा त्यांना टरकून असते.

डांगे चौकातल्या दुकानात मी पाच मिनिटांत मोतिया रंगाची टाइल पसंत केली. खोक्यावर ‘अँटी-स्किड’ छापलं होतं, आणखी काय पाहिजे? मांडून ठेवलेला नमुना बाबांनी बाजूला सारला आणि सगळ्यात खालच्या खोक्यातली टाइल काढायला लावली. मग साबणाचं पाणी मागितलं, ते टाइलवर ओतलं, बूट-मोजे काढले आणि भर दुकानात तिच्यावर उभे राहून ते पाय घासू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन टाइल्स नापास झाल्या. चौथी पास झाली आणि दुकानदार कुलदीपनं सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात बाबांनी खिशातून खोबरेल तेलाची बाटली काढून तळव्यांना तेल चोळलं. चौथीवरूनही पाय सटकला, त्यांनी माझा खांदा धरला. मी भडकलेच. तेल चोपडून आंघोळीला कोण जातं, म्हणून विचारलं.

“तुझी आई,” बाबा म्हणाले. “लग्न झाल्यापासून बघतोय. आधी टाचांना तेल, मग पाणी.”

चार महिने मी तिला आंघोळ घालत होते. तिनं संकोचानं तेल मागितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली. आणि या माणसाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

पाचवी टाइल करडी, खरबरीत, दिसायला अगदीच सुमार. बाबा तिच्यावर तेलासकट ठाम उभे राहिले. कुलदीपनंही चप्पल काढून तिच्यावर उभं राहून पाहिलं आणि यापुढे गिऱ्हाइकाला टाइल अशीच उभं राहून दाखवीन, असं तो म्हणाला.

टाइल्स बसल्या. पहिल्या दिवशी आई तेलाची बाटली घेऊन आत गेली आणि कडी लागली. मी सवयीनं दाराकडे धावले. बाबांनी माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं.

“बस, मैत्री. माल पास आहे.”