भिंगरीची पितळी पाटी

आमच्या घरात नावांचा धंदा चालतो. पुढे दुकान, मागे घर. दारावरच्या पितळी पाट्या, स्पर्धांचे चषक, निवृत्त होणाऱ्या साहेबांना द्यायच्या ढाली, सगळ्यावर नावं कोरून मिळतात. कोरायचं काम सासऱ्यांचं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं नवऱ्याचं आणि घासूनपुसून चकचकीत करायचं माझं. म्हणजे बोटं कुणाची काळी होतात ते कळलंच असेल.

पितळेवर एकदा छिन्नी फिरली की फिरली. म्हणून सासऱ्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते आधी कागदावर पेन्सिलीने नाव काढतात, कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बोट ठेवून वाचा." एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचल्याशिवाय ते छिन्नीला हात लावत नाहीत. सुटाबुटातले लोक पहिलीतल्या पोरांसारखे बोट फिरवायला लागले की मी हसू लपवायला चषकांच्या कपाटामागे जाते.

भिंगरीला आम्ही दत्तक घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. भिंगरी हे आम्ही ठेवलेलं लाडाचं नाव, कारण पोरगी एका जागी ठरतच नाही. खरं नाव ती सोबत घेऊन आली होती. कानाला अगदी साधं, पण लिहिलेलं मात्र अजब. मधल्या सरळ अक्षराचं कुणीतरी उगाच जोडाक्षर केलेलं आणि शेवटी सगळं जग दीर्घ वेलांटी देतं तिथे ऱ्हस्व. असं का, हे सांगणारं कुणी नव्हतं. संस्थेतल्या बाईंनीही हात वर केले. "आली तेव्हापासून असंच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

माझी नणंद छापखान्यात मुद्रितं तपासते. चुकीची वेलांटी दिसली की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्याच दिवशी तिने भिंगरीला कडेवर घेऊन पटापट मुके घेतले, खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "वहिनी, हे नाव आधी सरळ करून घ्या."

"राहू दे ना गं," मी म्हटलं.

"राहू दे काय? शाळेत नाव घातलं की जन्माचं चिकटलं. मग पोरगी प्रत्येक कचेरीच्या खिडकीपाशी समजावत बसेल, माझं नाव असं लिहा नि तसं लिहा. तेव्हा शिव्या तुम्हालाच घालेल."

नवऱ्याने तिच्या होला हो केलं. बहिणीपुढे त्याची बोलती तशीही बंदच असते. मला आतून वाटत होतं, पोरीने आणलेलं तेवढं एकच तिचं स्वतःचं आहे. कपडे, चपला, केस विंचरायची तऱ्हा, बाकी सगळं आम्ही बदलून टाकलं होतं. पण लोक तिला हसतील ही धास्ती माझ्याही मनात होतीच, त्यामुळे मला धड भांडताही येईना. जेवताना तोच विषय, भांडी घासताना तोच विषय. शेवटी शाळा सुरू व्हायच्या आत नाव बदलायचं असं ठरलं. म्हणजे नणंदेने ठरवलं आणि आम्ही माना डोलावल्या.

सासरे या सगळ्यात गप्प होते. त्यांचं प्रेम तोंडातून बाहेर पडत नाही, हातातून पडतं. एका रविवारी सकाळी त्यांनी भिंगरीच्या खोलीच्या दारावर झळझळीत पितळी पाटी ठोकली. त्यावर सुधारलेलं नाव आणि कोपऱ्यात शेपटी उडवणारी खारूताई. मी ती घासता घासता माझे दोन्ही अंगठे काळे करून घेतले होते. नणंद तर टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

भिंगरीला तेव्हा वाचता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. ती पाटीकडे बघत राहिली, मग खोलीत गेली. बराच वेळ आवाज नाही. ही पोरगी गप्प म्हणजे काहीतरी फुटलंय, असं समजून मी आत डोकावले. तिने कपाटातले आपले कपडे एका बाजूला रचले होते. उशी पलंगाच्या पार कडेला सरकवली होती आणि आता ती खेळणी दोन ढिगांत वाटत होती.

"हे काय चाललंय गं?"

"ती कधी येणार?"

"कोण ती?"

"दारावर नाव आहे ती." खालमानेनेच तिने एक लाकडी घोडा त्या दुसऱ्या ढिगात ठेवला. "मी कडेला झोपेन. मला चालतं. मग मी पण राहिले तर चालेल ना?"

मी तिला ओढून जवळ घेतलं आणि रडू आलं ते लपवलं नाही. दारात नणंद उभी होती, तिच्या मागे नवरा.

सासरे पुढे आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला न विचारता कोरलं." त्यांनी भिंगरीला उचलून दुकानात नेलं, गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर बसवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "बोला ताई, तुमचं नाव कसं लिहायचं?"

भिंगरीने पेन्सिल मुठीत धरली, जीभ बाहेर काढली आणि लिहिलं. जोडाक्षर, ऱ्हस्व वेलांटी, सगळं जागच्या जागी. मग बोट ठेवून वाचलंही, कुणी न सांगता. आम्ही सगळे नणंदेकडे बघायला लागलो.

"माझ्याकडे काय बघताय?" ती डोळे पुसत खेकसली. मग वाकून कागद न्याहाळला. "जोडायचंच आहे तर नीट जोड गं. हे बघ, काना असा खाली आण." आणि तिने पोरीचा हात धरून तेच चुकीचं जोडाक्षर सुबक गिरवून घेतलं.

नवी पाटी संध्याकाळपर्यंत तयार झाली. सासऱ्यांनी जुनी दारावरून उपटली आणि भंगारात टाकायला निघाले. भिंगरी धावत येऊन त्यांच्या हाताला लोंबकळली.

"नको आजोबा! ती आली तर?"

"अगं, अशी कुणी मुलगीच नाहीये. येणार कुठून?"

"असली तर? तिला पण घर नसलं तर?" आजोबांना एवढं साधं कसं कळत नाही, अशा चेहऱ्याने तिने त्यांच्याकडे बघितलं. "माझ्याजवळ झोपेल ती."

एवढं सांगून ती अंगणात पळाली. सासऱ्यांनी दोन्ही पाट्या एका हातात धरल्या. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि नणंदेकडे हात पुढे केला.

"अजून दोन खिळे दे," ते म्हणाले.