जीवरामआबांच्या विहिरीतली कासवी

मित्रांनो, मी एक म्हातारी कासवी आहे. माझी पाठ तुमच्या चित्रांतल्या कासवासारखी खवल्यांची नाही, तुळतुळीत कातडीची आहे. मागच्या पायांवर दोन झाकणं आहेत. घाबरले की पाय आत ओढून ती लावून घेते. मला बेडूक, गोगलगाई आणि मेलेले मासेही आवडतात. नाकं मुरडू नका, मी ते खाते म्हणून तुमचं पाणी बरं राहतं.

पारोळ्याजवळच्या एका पाझर तलावात मी वाढले. उन्हाळ्यात तलाव आटला की आम्ही चिखलात खोल शिरतो आणि काही न खाता पडून राहतो. चिखल वाळतो, भेगा पडतात, पण आत आम्ही जिवंत असतो.

पाच वर्षांपूर्वी वैशाखात गाळ काढायला जेसीबी आला. माझ्या शेजारच्या दोघी त्याच्या दातांखाली चिरडल्या. मी गाळासकट ट्रॉलीतून जीवरामआबांच्या केळीच्या शेतात पडले. माझी वाळकी पाठ पाहून आबांचे डोळे भरून आले. सुनेला म्हणाले, "कोकिळा, पानीबिगर मरी जाई बिचारी. हिले इहीरमा सोडी देऊत."

मी मरत नव्हते, झोपले होते. पण सांगणार कोण?

विहीर खोल, सगळीकडून सिमेंटनं बांधलेली. कोकिळाताई रोज भाकरीचा कुटका टाकायच्या. पावसाळा सरताना माझ्या पोटात अंडी भरली. आमची अंडी मातीत पुरावी लागतात. पाण्यात आतल्या पिल्लाचा श्वास कोंडतो. मी सिमेंटवर चढायची आणि पडायची. नखं झिजली. शेवटी आठ अंडी पाण्यातच सुटली. सात तळाला गेली. एक नेमकं कोकिळाताईंच्या बादलीत पडून वर गेलं.

वर माती होती. एक तरी वाचलं, असं वाटून मला फार आनंद झाला.

आबांनी अंडं कपाळाला लावलं. "तिनं अंडं तिले दी टाक. पानीना जीव पानीमाच बरा."

ते फुटू नये म्हणून कोकिळाताईंनी बादलीचा दोर अगदी सावकाश सोडला. अंडं माझ्यासमोर बुडालं.

मित्रांनो, त्यांच्यावर मला रागावताही येत नाही. तुम्ही मात्र दया करण्याआधी आम्ही कसे जगतो ते जाणून घ्या. चिखलात निजलेलं कासव दिसलं तर वर माती लोटा आणि निघून जा.

आबा आजही सकाळी वाकून विचारतात, "बरी शेस ना, माय?" मी श्वास घ्यायला नाक वर काढते. त्यांना वाटतं, मी हो म्हणाले.