‘सदोष’ ठरवलेला पीक फ्लो मीटर

मित्रांनो, मी एक जुना पीक फ्लो मीटर आहे आणि आयुष्यात एकदाही खोटे बोललेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पाठीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर लाल शाईने ‘सदोष’ असे लिहिले आहे. खाली सही आहे. मोठ्या माणसाची सही, म्हणून ती पट्टी काढायला कोणी धजावत नाही.

नाव ऐकून बिचकू नका. मी म्हणजे वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी. एका टोकाला तोंड, अंगावर आकडे, त्यांतल्या चांगल्या आकड्यांना हिरवा रंग आणि आकड्यांच्या बाजूने सरकणारा तांबडा काटा. छातीत भरपूर हवा भरून घ्यायची, माझ्या तोंडाला लावलेल्या पुठ्ठ्याच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात जोरात फुंकायचे. फुंकर जितकी जोरदार, तितका काटा पुढे. दमा असलेल्याच्या श्वासनळ्या आकसल्या की फुंकर अडते आणि काटा अलीकडेच थांबतो. एवढेच माझे काम. त्यात लबाडी करायला जागाच नाही.

कारखान्यातून निघताना माझी परीक्षा झाली होती. एका यंत्राने माझ्यात मोजून मापून हवा सोडली, एकदा नाही, दहादा. दहाही वेळा काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. तपासणाऱ्या बाईंनी मला डब्यात ठेवताना शेजारणीला म्हटले, “हा गुणी आहे.” ते दोन शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. पुढे जे ऐकावे लागले त्यावर तेवढाच उतारा आहे.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात आलो. तिथे एक अभ्यास चालू होता. खराब हवेमुळे मुलांचा दमा वाढतो का, आणि सोरायसिससारखे त्वचेचे आजार चिघळतात का, हे त्यांना शोधायचे होते. हवा मोजणारे एक भलेमोठे यंत्र त्यांनी चौकात बसवले होते, कारण गाड्यांचा धूर तिथे जास्त. मला मात्र इस्पितळाच्या मागच्या प्राथमिक शाळेत न्यायचे, मुलांना फुंकायला लावायचे आणि आकडे लिहायचे, असे ठरले.

मला नेणारी ताई विभागात तंत्रज्ञ होती. मुले तिला फुंकताई म्हणायची. तिची एक खोड होती. शाळेत पोहोचली की मुलांच्या आधी ती स्वतः माझ्यात तीनदा फुंकायची आणि सर्वांत मोठा आकडा आपल्या खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने टिपायची. अभ्यासाच्या छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. विभागातले लोक हसायचे. “ताई, तुमचा दमा कसा आहे?” असे विचारायचे. ती म्हणायची, “मला दमा नाही म्हणून तर फुंकते. माझा आकडा हलला, तर बिघाड नळीत आहे हे कळेल.” तिचा आकडा चारशे दहा. पाऊस असो, थंडी असो, घरी भांडण झालेले असो, चारशे दहा.

मुलांना मी फार आवडायचो. रांगेत ढकलाढकली चालायची. कोणी गाल फुगवायचे, कोणी डोळे मिटायचे, एकाने तर जोर लावताना चड्डीचे बटण तोडले. या सगळ्यांत एक मुलगी होती, दुसरीतली, दोन वेण्या आणि गुडघ्यावर कायम खरचटलेले. चालणे तिला ठाऊकच नव्हते, सगळीकडे पळत जायची, म्हणून तिला सगळे ‘सुसाट’ म्हणत. तिला दमा होता. तरी शाळेच्या धावण्याच्या संघात जायचे तिने मनाशी पक्के केले होते. चांगल्या दिवशी ती माझा काटा दोनशे पन्नासपर्यंत न्यायची आणि मागे वळून सांगायची, “बघितलंत? हिरव्यात गेला.”

आता ज्यासाठी तोंड उघडले ते ऐका.

मंगळवारी आणि शुक्रवारी सुसाटचा काटा एकशे साठवर अडायचा. फक्त तिचाच नाही. दमा असलेल्या अकरा मुलांपैकी नऊ जणांचा काटा त्या दोन दिवशी मागे राहायचा. त्या सकाळी मैदानावर जळक्या प्लॅस्टिकसारखा आंबूस वास असायचा आणि त्या वासात मुलांची कवायत चालायची. मुले नाकाला रुमाल लावून हात वर-खाली करायची. फुंकताईने महिनाभर आकडे लिहिले आणि तक्ता प्रमुख डॉक्टरांपुढे ठेवला.

प्रमुख डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मला कबूल करावे लागेल. रोग्यांशी प्रेमाने वागायचे. पण यायचे साडेदहाला, त्यांच्या खोलीत एसी होता आणि मागची खिडकी मी कधी उघडी पाहिली नाही. त्यांनी माझ्या आकड्यांशेजारी चौकातल्या यंत्राचे आकडे ठेवले. चौकात मंगळवार आणि बुधवार सारखेच होते.

“हवा तीच, मग मुलांचा श्वास कसा बदलेल?” ते म्हणाले. “नळी जुनी झालीय. मधूनमधून अडकत असणार.”

“सर, अडकली असती तर माझाही आकडा कमी आला असता. मी वहीत...”

“ती वही आपल्या नमुन्यात बसत नाही ना, ताई.”

आणि त्यांनी लाल पेनाने मंगळवार-शुक्रवारच्या सगळ्या ओळींवर रेघ मारली. सुसाटचे एकशे साठ गेले, त्या नऊ मुलांचे अडलेले श्वास गेले. मग मला हातात घेऊन ही पट्टी चिकटवली. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. आकडा पटला नाही म्हणून सगळे खापर मोजणाऱ्यावर फोडायचे, हा कुठला न्याय? मी काय घरी बसून आकडे रचत होतो?

पुढचे ऐकाल तर तुम्हीही चिडाल. माझ्या जागी नवा कोरा मीटर आला. डॉक्टरांनी त्यात पहिली फुंकर स्वतः मारली, पाचशे वीस आले, आणि ते खूश झाले. त्याच आठवड्यात वेळापत्रक बदलले. मंगळवारी आणि शुक्रवारी ताईने त्वचेच्या रोग्यांचे फोटो काढायचे, शाळेत जायचे ते सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी. साहजिकच नव्या मीटरचे सगळे आकडे हिरव्यात. “बघा, नळी बदलली आणि पोरं बरी झाली,” असे डॉक्टर चहा पिताना म्हणाल्याचे मी ड्रॉवरमधून ऐकले. नव्याचा काही दोष नाही. त्याला वाईट दिवशी कोणी नेलेच नाही.

मी पडून होतो तो ड्रॉवर फोटोच्या खोलीतला. तो ज्यावर सरकतो ती पट्टी वाकलेली असल्याने तो कधी पूर्ण बंद होत नसे, म्हणून मला सगळे दिसायचे. दर मंगळवारी दुपारी तिथे एक उंच, वाकलेला माणूस यायचा. इस्पितळाच्या मागे वापरलेले हातमोजे, बोळे, सुया, पिशव्या जाळायची भट्टी आहे, तिच्यावर तो कामाला होता. त्याच्या कोपरांवर, मनगटांवर सोरायसिसचे लाल चट्टे होते, वर पांढरे पापुद्रे. बाहेरच्या बाकावर तो बसला की शेजारचे उठून उभे राहायचे. हा आजार शिवल्याने लागत नाही, असा फलक त्याच बाकाच्या डोक्यावर लावला होता. वाचता सगळ्यांना येत होते. फुंकताई मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि तिथेच त्याची माहिती लिहून घ्यायची.

“ताई, धुरानं वाढतं का हो हे?” त्याने एकदा विचारले.

“तेच शोधतोय, दादा. अजून सांगता येत नाही.”

“लवकर शोधा,” तो हसून म्हणाला. “पोरगी म्हणते, बाबा, तुमचे हात बरे झाले की मला शाळेत सोडायला या.”

ती पोरगी सुसाट होती, हे आम्हाला एका शुक्रवारी कळले.

मी ड्रॉवरमध्ये होतो, म्हणून मैदानावरचे आणि वॉर्डातले मी नंतर ऐकले ते सांगतो. त्या शुक्रवारी सकाळी साडेआठला कवायतीत सुसाट खाली बसली ती उठलीच नाही. शाळेच्या बाई तिला उचलून धावत इस्पितळात घेऊन आल्या. ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. पुढच्या वॉर्डात तिला मास्क लावला, औषधाची वाफ दिली. अभ्यासातले मूल म्हणून प्रमुख डॉक्टरांना फोन गेला आणि ते त्या दिवशी नऊच्या आत आले. तासाभराने तिचा श्वास रुळावर आला. डॉक्टर स्वतः तिच्याजवळ उभे होते, हेही सांगायला हवे.

मग ते तिच्या वडिलांशी बोलायला फोटोच्या खोलीत आले. वडील भट्टीवरून तसेच धावत आले होते, अंगाला राख, कपड्यांना तोच आंबूस वास. फुंकताईने त्याला पाहिले आणि तिच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला.

“आधी कधी असं झालंय का?” डॉक्टरांनी विचारले.

“मंगळवारी-शुक्रवारी होतं, साहेब. एवढं नाही, पण होतं. त्या दिवशी कवायत असते, पळते फार, म्हणून असेल असं वाटलं.”

“कवायत रोज असते, दादा,” फुंकताई म्हणाली. “भट्टी कधी पेटवता तुम्ही?”

तो सांगायला गेला आणि मध्येच थांबला. पुढचे फार हळू बोलला. “मंगळवारी आणि शुक्रवारी. सात ते दहा.”

मग तो माणूस आपले ते सोललेले हात पाहत म्हणाला, “म्हणजे मीच माझ्या लेकीला...”

“तुम्ही नाही,” ताई म्हणाली. ती इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “धूर गाळायची जाळी असते ना धुरांड्यात?”

“फाटलीय. आठ महिने झाले. मी तीनदा लिहिलंय.”

तो गेला आणि भट्टीचे रजिस्टर घेऊन आला. तीन ठिकाणी त्याच्या जाड अक्षरात लिहिलेले होते, ‘जाळी फाटली आहे, धूर शाळेकडे जातो, बदलून द्यावी.’ तिन्हींखाली एकेक सही आणि एकच शब्द, ‘पाहिले’. मित्रांनो, मला वाटत होते जगात माझ्यावरच अन्याय झाला. त्या माणसाने तर आकडा नाही, सरळ वाक्य लिहिले होते. त्याच्या वाक्यावर कोणी रेघसुद्धा मारली नाही, नुसते पाहिले.

ताईने टेबलावर रजिस्टर ठेवले. शेजारी रेघा मारलेला तक्ता, त्याशेजारी खिशातली वही. भट्टी पेटली त्या प्रत्येक दिवशी मुलांचे आकडे पडलेले, आणि वहीत त्याच सकाळी, त्याच नळीत, चारशे दहा. मग तिने ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढले, नवी पुठ्ठ्याची नळी लावली आणि डॉक्टरांपुढे धरले.

“फुंका, सर.”

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग फुंकले. माझी स्प्रिंग कित्येक आठवड्यांच्या धुळीत आखडली होती, पण जीव तोडून मी काटा नेला. पाचशे वीस. नव्या मीटरवर होते तेच.

“आता खिडकी उघडू या,” ताई म्हणाली.

फोटोच्या खोलीची ती मागची खिडकी उघडेना. वर्षानुवर्षांच्या रंगाने चौकट चिकटली होती. भट्टीवाल्याने खांदा लावून ती ढकलली. समोर, दगड मारला तर लागेल इतक्या जवळ, आपल्याच इस्पितळाचे धुरांडे उभे होते आणि काळा धूर वळून शाळेच्या मैदानावर उतरत होता. चौकात बसवलेले ते भलेमोठे यंत्र इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, गाड्या मोजत बसले होते. डॉक्टरांना खोकला आला. बराच वेळ आला.

“कोणाचं चुकलं ते नंतर बघू,” शेवटी ते म्हणाले. “आधी भट्टी विझवा.”

नंतर कोणी बघितले नाही, ते सांगायला नकोच. भट्टी तीन आठवडे बंद राहिली, जाळी बदलली. रेघ मारलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या गेल्या, हे मात्र डॉक्टरांनी केले, आणि स्वतःच्या हाताने केले. अहवालात ताईच्या वहीचा उल्लेख शेवटच्या पानावर आला, बारीक अक्षरात. माझ्या पाठीवरची पट्टी राहिली, कारण चिकटवण्याचा अर्ज असतो, काढण्याचा नसतो.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी डॉक्टर व्हाल, कोणी साहेब. मला पुसून ठेवा, पुठ्ठ्याची नळी दर वेळी बदला, ओलसर जागी टाकू नका, हे तर सांगतोच. पण मोजणाऱ्याची खरी निगा म्हणजे त्याचे ऐकणे. एखादा आकडा नकोसा वाटला तर लाल पेन उचलण्याआधी मागची खिडकी उघडा. आणि कोणी लिहून दिले, तर खाली ‘पाहिले’ लिहून हात झटकू नका.

गेल्या आठवड्यात सुसाट आली होती, बाबांचा हात धरून. मंगळवार होता. ताईचे लक्ष नाही असे पाहून तिने ड्रॉवरमधून मला काढले, पाठीवरची पट्टी अक्षर-अक्षर लावून वाचली आणि म्हणाली, “स-दो-ष. म्हणजे काय, बाबा?”

“म्हणजे त्याचं कोणी ऐकलं नाही,” तिचे बाबा म्हणाले.

तिने छाती भरून घेतली आणि फुंकले. दोनशे सत्तर. तक्त्यात तो आकडा नाही, कारण मी सदोष आहे. पण मी तो पाहिला आहे, आणि मी खोटे बोलत नाही.