डावीकडे वळणारं विमान

शेवटच्या शनिवारी बाबांनी विमानाची शेपटी उचलायला डार्लाला हाक मारली. मी तिथेच, हँगरच्या दारात, पॅनकेकची ताटली घेऊन उभी होते. डार्ला पळत आली. तिने शेपटी उचलून धरली आणि बाबांनी गुडघे टेकून मागच्या छोट्या चाकाला वंगण चोपडलं. फडकं सापडेना, तेव्हा चाकावरच्या पांढऱ्या पत्र्यालाच त्यांनी अंगठा पुसला आणि तिथे काळा ठसा उमटला. शेपटी काही फार जड नव्हती. मलाही उचलता आली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

डार्ला माझी सावत्र बहीण. तिची आई आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजला निघून गेले होते, ती शाळेत होती. विस्कॉन्सिनचा हिवाळा लांबलचक असतो. त्या हिवाळ्यांमध्ये गोठ्यात शेगडी पेटवून बाबांनी ते विमान स्वतःच्या हातांनी बांधलं आणि डार्ला शेजारी बसून खिळे पुरवत राहिली. विमानात जागा दोन. पुढची बाबांची, मागची तिची. उडवायलाही बाबांनीच तिला शिकवलं. मृत्युपत्रात विमान तिला मिळालं, मला पुस्तकं. सगळ्यांना वाटणी रास्त वाटली. मी शाळेत विज्ञान शिकवते ना.

अंत्यविधीनंतर डार्लाने विमान वर नेलं आणि उतरवलं. आमच्या गवताच्या धावपट्टीवर वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून सगळे पश्चिमेकडे तोंड करूनच उतरतात. विमानाचा वेग ओसरला तसं ते आपसूक डावीकडे वळलं आणि थेट बाबांच्या बंद हँगरसमोर नाक करून थांबलं. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेला लोक खुर्च्या घेऊनच आले.

मग व्हर्लीन प्रुएट आली. लंबक आणि मेणबत्त्या घेऊन जत्रांमधून फिरणारी, मृतांशी बोलणारी बाई. तिने डोळे मिटले.

"कुणीतरी जवळ आहे. त्यांना दुखणं होतं. पाठीचं... की गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"गुडघ्याचंच. तेच सांगतायत ते मला."

सत्तरी ओलांडलेला, जन्मभर चाकांपुढे गुडघे टेकलेला माणूस. त्याचा गुडघा दुखायचा हे कळायला परलोकात फोन लावावा लागतो.

"म्हणतायत, माझ्या मुलीला सांगा, सुकाणू अजून माझ्याच हातात आहे," व्हर्लीन म्हणाली आणि तिने डोळे उघडून डार्लाकडे पाहिलं.

तिथे मुली दोन उभ्या होत्या.

तिने दोन आज्ञा केल्या. शेपटी पुसायची नाही, तिथे आर्विडचा, म्हणजे माझ्या बाबांचा, शेवटचा स्पर्श आहे. आणि येत्या शनिवारी, स्मरणसभेत, डार्लाने उतरताना दिशा सांभाळणाऱ्या पेडलवरचे पाय काढून घ्यायचे. "तू फक्त बस, बाळा. ते आणतील तुला."

वाहनतळावर मी बाबांच्या मित्राला गाठलं.

"वेंडेलकाका, उतरताना पाय काढले तर काय होतं?"

"विमान गर्रकन फिरतं. पंख जमिनीत. नशीब वाईट असेल तर उलटतं."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"मी त्याचं नाक वळताना बघितलंय, पोरी. अंगावर काटा आला माझ्या. शेपटी उघडून बघू म्हटलं, तर डार्ला म्हणाली, बाबांच्या अंगठ्याला हात लावायचा नाही. रडत होती. काय बोलू?"

शनिवारी डार्ला इंजिन सुरू करायच्या बेतात असताना मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाजूला हो, सिग्ने."

"एक प्रयोग करू. दहा मिनिटं लागतील."

"ही तुझी शाळा नाहीये." तिचा आवाज चढला. "बाबा माझ्याशी बोलतायत, ते तुला बघवत नाही."

"नाही बघवत," मी म्हणाले. "जळते मी. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. विमान उलट्या दिशेने चालव. जमिनीवरच, माणसाच्या चालीने. पाय काढून घे. बाबा ओढत असतील तर आता ते उजवीकडे वळलं पाहिजे, कारण हँगर आता उजवीकडे येईल."

व्हर्लीन पुढे सरसावली. "आत्म्याची परीक्षा घेत नाहीत."

"खरा असेल तर आत्मा नापास होणार नाही," वेंडेलकाका म्हणाले आणि पंखाशेजारी जाऊन उभे राहिले.

विमान पूर्वेकडे तोंड करून निघालं. डार्लाने पाय काढल्याचं हाताने दाखवलं. थोडं अंतर सरळ गेलं. मग नाक वळलं ते डावीकडे. हँगरकडे पाठ करून विमान मक्याच्या शेताकडे निघालं. वेंडेलकाका ओरडले तसा डार्लाने ब्रेक दाबला.

"मक्याकडे," व्हर्लीन हळूच म्हणाली. "मका फार प्रिय होता त्यांना."

"आर्विडला?" कुणीतरी म्हणालं. "दातात अडकतो म्हणून तो कणसाला शिवायचाही नाही."

लोक हसले. डार्ला हसली नाही. ती उतरून शेपटीशी गेली आणि बराच वेळ त्या काळ्या ठशाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या बाहीने तो पुसला आणि खालचा चिखल, वंगण, गवत, सगळं.

शेपटीचं चाक ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांसारख्या पोलादी पाट्यांवर बसवलेलं असतं. मुख्य पाट्याला बोल्टच्या भोकाशी, एका कडेने अर्ध्यापर्यंत तडा गेला होता. भार आला की तो पिळवटायचा, चाक तिरकं व्हायचं आणि नाक डावीकडे फिरायचं. दरवेळी डावीकडेच. बाबांचं हँगर त्या बाजूला होतं, एवढाच काय तो चमत्कार. तड्याचा आतला भाग गंजून काळा पडला होता, म्हणजे तो जुना होता, हळूहळू वाढत आलेला. शेवटच्या शनिवारी तो बाबांच्या बोटांखालीच असणार. वंगणाखाली त्यांनाही दिसला नाही.

"अजून एक-दोनदा उतरली असतीस, तर तुटलाच असता हा," वेंडेलकाका म्हणाले.

व्हर्लीन सामान भरत होती. आत्मा धातूतूनही बोलतो, असं ती कुणालातरी समजावत होती.

मेलेली माणसं सुकाणू धरत नाहीत. धरत असती तर माझ्या बाबांनी पहिल्याच उड्डाणाआधी डार्लाला थांबवलं असतं. आपल्या माणसाची आठवण जपावी, पण तिच्याखालचा तडा झाकू नये. ज्याला आपण खूण समजतो ती एकदा उलट दिशेने चालवून बघावी. खरी असेल तर टिकेल.

मला हायसं वाटलं होतं, हेही लिहिते. बाबा डार्लाशीही बोलत नव्हते. आम्हा दोघींना पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी सारखं दिलं होतं.

नवा पाटा आला त्या दिवशी डार्ला खाली बसून बोल्ट चाचपत होती. मान वर न करता ती म्हणाली, "शेपटी धर ना जरा."

मी उचलली. खरंच फार जड नव्हती.

"डार्ला."

"हं."

"मलाही बसायचं होतं त्या मागच्या जागेवर. एकदा तरी. मी बाबांना कधी म्हटलंच नाही."