लुगड्यातले झिंगे

कुसुमबाई भंडारा जिल्ह्यातली, तळ्याकाठी वाढलेली. नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर ती नुकतीच बहारीनला आली होती. नवरा शामराव सित्र्याच्या एका कारखान्यात फिटर. एप्रिलमधला शुक्रवार होता, सुट्टीचा. सकाळी दोघं मआमीरच्या किनाऱ्यावर आले. शामराव गळ टाकून बसला. कुसुमबाईनं ओहोटीच्या उथळ पाण्यात डोकावलं आणि ती ओरडलीच.

"अवो, झिंगे! बक्कळ हायेत!"

बसायला म्हणून आणलेलं जुनं सुती लुगडं तिनं झटकन उचललं आणि एक टोक नवऱ्याच्या हातात कोंबलं. "धरा अन् वाका! माहेरी आमी बहिणी असेच धरत होतो."

शामरावनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पहिल्याच ओढीला लुगड्यात झिंगे ताडताड उडायला लागले. एक तर थेट शामरावच्या शर्टात शिरला. तो नाचायला लागला, आणि कुसुमबाई हसून हसून वाकली.

तेवढ्यात वर रस्त्यावर जीप थांबली. मासेमारी खात्याचा इन्स्पेक्टर ताहिर हात हलवत खाली धावत आला. हिंदी त्याला कामापुरती येत होती.

"खलास! झिंगा अभी बंद! अंडा देने का टाइम! जाल मना है, जाल मैं ले जाएगा!"

शामरावचा चेहरा पडला. व्हिसा, नोकरी, सगळंच त्याला बुडताना दिसलं. "साब, मालूम नहीं था," तो पुटपुटला.

कुसुमबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जाल किधर है? ये मेरा लुगडा है!"

"लुगडा क्या?"

"साडी! पहनने का!" तिनं हवेतच निऱ्या करून दाखवल्या.

ताहिरनं डोकं खाजवलं. मग जीपमध्ये जाऊन त्यानं वायरलेसवरून ऑफिसला विचारलं. पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की तो किनाऱ्यापर्यंत ऐकू आला. परत येताना ताहिर कानापर्यंत लाल झाला होता.

"साहब बोलता है, औरत का कपडा है, हाथ नहीं लगाना. लेकिन झिंगा छोडो."

"अंडी घालून राहिले व्हय?" कुसुमबाई चटकन वरमली. "मंग सोडा जी, सोडा! पोटुशीले कोन मारते?"

ओलं लुगडं जड झालं होतं. शामरावला एकट्याला ते उचलेना, म्हणून साहेबाचं 'हाथ नहीं लगाना' विसरून ताहिरनंच दुसरं टोक धरलं. झिंगे पाण्यात सुळकन पसार झाले. हलक्या झालेल्या लुगड्यात वारा भरला, ते शिडासारखं फुगलं आणि गर्रकन ताहिरभोवती गुंडाळलं गेलं, टोपीसकट. तो आंधळ्यासारखा गोल फिरत राहिला. सोडवायला गेलेला शामराव पाय घसरून धपकन पाण्यात बसला.

"साहेब, उलटे फिरा, उलटे!" कुसुमबाई टाळ्या पिटत ओरडली. "निऱ्या चुकल्या!"

पदराआडून आधी मिशा बाहेर आल्या, मग दात. ताहिर पोट धरून हसत होता. त्यानं लुगडं नीट घडी करून कुसुमबाईच्या हातात दिलं आणि शामरावला ओढून उभं केलं.

"ये ओके," गळाकडे बोट दाखवत तो म्हणाला, "साडी मफी, साडी नहीं!"

जाताना तिनं त्याच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी जीप सुरू करताना त्यानं दुसरा घास घेतलाच.

मासा एकही लागला नाही. सनदला घरी परतताना बसमध्ये दोघं ओलेचिंब बसले होते. हसू फुटू नये म्हणून एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवलेलं, पण दर थांब्यावर कुणीतरी बघायचंच.