छतातली खिडकी

शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझा दरारा होता आणि, खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा. संगमनेरच्या पठारावर, नाशिक-पुणे रस्त्यापासून बरीच आत आमची शाळा. तिथं बावीस वर्षं मी फळ्यावर एकच निसर्गचित्र काढून दाखवत आलो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. आमच्या पोरांनी नारळ पाहिला होता तो देवळात फोडलेला. झाड कुणीच पाहिलं नव्हतं. पण तपासणीला आलेले साहेब त्या चित्रापाशी थांबून मान डोलवायचे आणि मला तेवढं पुरायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात माधुरी शाळेत आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता संगमनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागात नोकरीला.

"सर, फिनलंडमधल्या एका शाळेनं इंटरनेटवर एक इमारत उभी करायला घेतलीय," ती म्हणाली. "चित्रांची इमारत. देशोदेशीच्या मुलांनी आपापल्या घराच्या खिडकीतून जे दिसतं ते काढून पाठवायचं. मग त्या सगळ्या खिडक्या एकाच इमारतीत शेजारी-शेजारी लागणार. आपल्या शाळेच्या बारा घेतील म्हणतात."

इंटरनेट म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं नाही. विद्यार्थिनीपुढं अज्ञान दाखवायची मला सवय नव्हती. मी सहावीतली बारा मुलं निवडली, फळ्यावर चौकट आखली आणि चौकटीत ठेवणीतलं निसर्गचित्र काढलं. परदेशात जाणार म्हणजे ते चांगलंच दिसायला हवं ना?

अकरा जणांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. बारावी प्रज्ञा. शेवटच्या बाकावर बसणारी, हाक मारली तरच बोलणारी मुलगी. तिनं सगळा कागद काळ्या खडूनं गच्च भरला होता आणि मध्ये बांगडीएवढा एक गोल कोरा ठेवला होता. बोटंसुद्धा काळी झालेली.

"हे काय फासलंयस? खिडकी कुठंय यात?"

तिनं त्या गोलावर बोट ठेवलं. "ही काय, सर. वर हाय."

"वर आभाळ असतं. खिडकी भिंतीत असते," मी म्हणालो. वर्ग हसला. मीही लाल पेन काढून त्या पांढऱ्या गोलावर, कडेपासून कडेपर्यंत, ठसठशीत फुली मारली. कागद फुकट घालवायचा नाही ही आमची शिस्त, म्हणून तोच उलटा करून तिच्यापुढं ठेवला. "मागची बाजू कोरी आहे. तिथं नीट काढ."

तिनं काढलं. डोंगर, सूर्य, नदी, झोपडी, नारळ. इतरांपेक्षा अंमळ चांगलंच.

माधुरीनं चित्रं नेली, कॉलेजातल्या यंत्रावर त्यांच्या प्रती काढून पाठवल्या आणि मूळ कागद परत आणून दिले. जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, ती पुन्हा आली. हातात फिनलंडच्या बाईंचं पत्र, कागदावर छापून घेतलेलं. वाचता वाचता तिला हसू आवरेना.

"त्या विचारतात, चित्रं सुंदर आहेत, पण ही बाराही मुलं एकाच घरात राहतात का? आणि त्या नदीचं नाव काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना चित्रातलं काय कळतं, असं बरंच काही मी बोललो. माधुरीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, त्यांनी नवीन चित्रं मागवलीत. शुक्रवारपर्यंत माझ्याकडं द्या. शनिवारी इमारत पूर्ण करणार आहेत, नंतर कुणालाच घेणार नाहीत." जाताना दारात थांबून तिनं विचारलं, "सर, नदीचं नाव काय कळवू?"

पठारावर उन्हाळ्यात टँकर येतो, नदी कुठली आणायची?

दुसऱ्या दिवशी मी फळ्याला हात लावला नाही. "घरी जा, खिडकीपाशी बसा आणि दिसेल ते काढा," एवढंच सांगितलं. मुलं आधी बावचळली. मग जी चित्रं आली ती मी एकेक करून टेबलावर मांडली. एकाच्या खिडकीत म्हशीची नुसती पाठ होती. स्नेहलच्या खिडकीत शेजारच्यांच्या टीव्हीचा अँटेना आणि त्यावर वाळत टाकलेला मोजा. योगेशच्या खिडकीत भिंत, फक्त भिंत, पण तिच्यावरच्या शेणाच्या गोवऱ्या त्यानं एकूण एक मोजून काढल्या होत्या.

अकरा झाली. प्रज्ञा रिकाम्या हातानं उभी राहिली.

"मला खिडकी न्हाई, सर," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच तसं धरून चालली होती. जगभरच्या मुलांना त्या इमारतीत जागा मिळणार आणि हिला नाही, कारण तिच्या मास्तरानं तिला खिडकी नसल्याचं ठरवलं होतं. मी कपाट उघडून तिचं जुनं चित्र शोधलं, उलटं केलं आणि पिशवीत घातलं. संध्याकाळी शाळा सुटायची वाट पाहिली नाही. मधल्या सुट्टीतच तिला घेऊन तिच्या घराकडं निघालो.

गावाच्या कडेला मातीच्या सपाट छताचं, जुन्या पद्धतीचं घर. चहूबाजूंनी जाड भिंती. एक दार.

"या सर, वाकून या," तिची आई, रतनबाई, आतून म्हणाली.

उन्हातून आत गेलो आणि मला काहीच दिसेना. काळं. अगदी तिच्या कागदाएवढं काळं. मग हळूहळू जमिनीवर उजेडाचा एक गोल दिसला. मी वर पाहिलं. छताला भोक ठेवलेलं होतं आणि त्यातून लख्ख आभाळ दिसत होतं. कोपऱ्यात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती मला फार उशिरा दिसली.

"पावसाळ्यात वरून पत्रा टाकतो," रतनबाई सांगत होती. "एरवी ही तिथंच बसती पुस्तक घेऊन. ऊन सरकलं की ही बी सरकती. लई मजा वाटती तिला. कधी कावळा जातो वरनं, कधी पोरांचा पतंग. लगीच मला हाक मारती, आई बघ, आई बघ."

मी त्या गोलापाशी मांडी घालून बसलो. बावीस वर्षं चित्रकला शिकवली आणि वर्गात एका मुलीनं जे होतं ते जसंच्या तसं काढलं, तेव्हा मी तिच्यावर वर्ग हसवला. मला फार लाज वाटली. मी तिचं चित्र पिशवीतून काढून उजेडात ठेवलं. लाल फुली भलतीच उठून दिसत होती.

"प्रज्ञा, माझं चुकलं," मी म्हणालो. रतनबाईनं चमकून माझ्याकडं पाहिलं. "मी कोरा कागद आणलाय. हे पुन्हा काढशील?"

ती कागदाकडं बघत बसली. मग मान हलवली. "नवा नको, सर. हेच देते. पर तुमचा लाल पेन द्या."

आजवर मी माझा लाल पेन कुणाच्या हाती दिला नव्हता. दिला.

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच तिनं चित्र आणून दिलं. काळा कागद तसाच, गोल तसाच. फक्त माझ्या फुलीची चारही टोकं तिनं लाल रेघांनी जोडली होती आणि एका कोपऱ्याला लहानशी शेपटी काढली होती. आभाळाच्या गोलात लाल पतंग उडत होता. मी फुली शोधायला गेलो, तर ती पतंगाच्या काड्या होऊन बसली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बारा चित्रं घेऊन संगमनेरची एसटी पकडली.

पंधरा दिवसांनी माधुरी आली. इमारत पूर्ण झाली होती. आमच्या बाराही खिडक्या लागल्या होत्या. प्रज्ञाची खिडकी त्यांनी सगळ्यात वर, छताच्या ओळीत लावली होती. फिनलंडच्या एका मुलीनं तिच्यासाठी प्रश्न पाठवला होता: हा पतंग कुणाचा आहे?

मी प्रज्ञाला वर्गाबाहेर बोलावून प्रश्न सांगितला आणि उत्तर लिहायला कागद दिला. तिनं तो दाराच्या चौकटीवर धरून एक ओळ लिहिली, घडी घातली, माधुरीच्या हातात ठेवली आणि आत पळाली.

माधुरीनं घडी उघडली. कागदावर लिहिलं होतं, 'आमच्या सरांचा.'

"सर, तुम्ही पतंग उडवता?" माधुरीनं आश्चर्यानं विचारलं. "मला कधी माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हणालो. "आत्ता कुठं शिकतोय."